काठीच्या आत

वस्तादाच्या अंगणात ‘मार’ हा शब्द चालत नसे. कुणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर वस्ताद हातातली काठी खाली ठेवून म्हणायचा, “मारतो तो चिडलेला माणूस. चिडलेल्यांनी घरी जावं. इथे फटका सोडायचा.” म्हणून तिथे हुकूम तीनच. ‘धर’ म्हटलं की काठी छातीशी, ‘फिरव’ म्हटलं की डोक्याभोवती, आणि ‘सोड’ म्हटलं की सुटली. हे तिन्ही शब्द उच्चारायचा अधिकार एकट्या वस्तादाचा. शिकणाऱ्याने तोंड उघडायचं ते एकाच वेळी. समोरच्याचा फटका अंगाला लागला, तर लपवाछपवी न करता ‘पोचली’ म्हणायचं. लागूनही गप्प बसणाऱ्याला वस्ताद आठ दिवस अंगण झाडायला लावी. स्वतः वस्तादावर मात्र ‘पोचली’ म्हणायची वेळ उभ्या आयुष्यात आली नव्हती, आणि ही गोष्ट तो दर चार दिवसांनी चहा पिताना कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

पोटासाठी तो शिड्या करी. संत्र्याच्या बागांना लागणाऱ्या, खाली रुंद आणि वर निमुळत्या, बांबूच्या. दिवसभर कोयत्याने बांबू सोलायचा, भोकं पाडायची, पायऱ्या ठोकायच्या, आणि ऊन उतरलं की अंगणात पाणी शिंपडून काठी हातात घ्यायची. एकेकाळी तिथे पंधरा-वीस जण घाम गाळत. आता दोन म्हातारे यायचे, तेही गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायला. खरं शिकणारी एकच उरली होती, त्याची मोठी लेक. तिला घरीदारी सगळे थोरली म्हणत. सहाव्या वर्षापासून तिने काठी सोडली नव्हती, आणि आता ती चोवीस वर्षांची होती.

लहान असताना वस्ताद तिचे दंड धरून, पाय आपल्या पायाने सरकवून तिला उभं राहायला शिकवायचा. ती बारा वर्षांची झाली आणि बाप काठीच्या पलीकडे गेला. त्यानंतर जे शिकवलं ते काठीभर लांबून. खांदा चुकला तर तो काठीच्या टोकाने दाखवी, कोपर खाली आलं तर टोकानेच वर करी. तसा कुणी नियम केला नव्हता. पोरगी मोठी झाली होती, एवढंच.

त्या वर्षी संत्र्यांनी सगळ्यांना वेड लावलं. महिन्याभरात हळूहळू पिकणारा माल उन्हाच्या एका लाटेने आठ दिवसांत पिवळा झाला. बागा, ट्रॅक्टर, शेड, सगळीकडे संत्रीच संत्री. पॅकिंगच्या शेडमधल्या बायका सकाळी सातला यायच्या आणि दिवेलागणीला कालव्याच्या काठाने घरी जायच्या. हात सालीच्या तेलाने चिकट, बोटांच्या चिरा झोंबणाऱ्या आणि पाठी अशा आखडलेल्या की सरळ व्हायला अर्धा रस्ता लागे. थोरलीही त्यांत होती. हंगाम संपला की शेड बंद आणि काम बंद, मग पुढचे आठ महिने घरी बसून बापाचे बांबू घासायचे.

आणि त्याच कालव्यावर एके दिवशी घडायचं ते घडलं.

मोटरसायकलवरचे दोघे मागून आले. मागे बसलेला उतरला आणि त्याने थोरलीचं मनगट धरलं. सोबत तिची मैत्रीण बुटकी होती, उंचीने खांद्याएवढी आणि आवाजाने गावभर. “अगं मार! मार त्याला! काठीवाली ना तू!” बुटकी किंचाळत होती. थोरलीच्या हातात छत्री होती, चांगली लांब दांड्याची. पण धरला होता तोच हात. थोरली उभी राहिली. नुसती उभी, झाडासारखी. त्या माणसाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, दुसऱ्याला म्हणाला, “ही तर जागच्या जागी गोठली रे,” आणि हसत हसत आपणहून हात सोडून निघून गेला. जाताना छत्री कालव्यात भिरकावली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला कळलं. बुटकीने वाईट हेतूने नाही सांगितलं, तिच्या पोटात काही राहातच नसे. “वस्तादाची पोर, आणि उभीच राहिली?” क्रेट उचलणारे गडी एकमेकांना विचारायचे आणि थोरली जवळून गेली की खोकायचे. घरी मात्र तिने सांगितलं की छत्री वाऱ्याने उडाली.

शेडचा मालक घाबरला होता. बायका यायच्या बंद झाल्या तर माल जागीच सडला असता. त्याने शहरातून एक शिकवणाऱ्या मॅडम बोलावल्या. दहा दिवस, रोज दुपारी जेवणानंतर एक तास, शेडच्या रिकाम्या कोपऱ्यात. आणि मुकादमिणीने क्रेटवर चढून जाहीर केलं, “ऐका गं सगळ्याजणी! दहाव्या दिवशी परीक्षा आहे. जी पहिली येईल तिला गेटवर कायमची ठेवणार. बारा महिने! हंगाम असो नसो. संध्याकाळी सगळ्यांना कालव्यापार पोचवायचं काम तिचं.”

बारा महिने. आणि त्याच कालव्यावर, पुढे चालत, मागे तीस बायका. थोरलीला ती नोकरी अशी हवीशी वाटली की हातातलं संत्रं कधी दाबलं गेलं आणि रस कोपरापर्यंत कधी आला ते तिला कळलंच नाही.

घरी वस्तादाने ऐकलं आणि कोयता बांबूत रोवून ठेवला. “दहा दिवसांत? दहा दिवसांत मी पोराला नुसतं उभं राहायला शिकवत नाही. काय शिकवणार आहे ती बाई?”

“पळायला,” थोरली म्हणाली. मॅडमनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं.

“काय?”

“हात सोडवायचा, ओरडायचं, आणि पळायचं.”

वस्ताद आधी तिच्याकडे, मग बायकोकडे बघत राहिला, आणि एवढ्या जोराने हसला की शेजारच्यांची कोंबडी फडफडली. “अगं ऐकलंस का? पळायला शिकवायला शहरातून माणूस आणलाय! ससे काय शिकवणी लावतात?”

“अहो, हसताय काय,” थोरलीची आई आतून म्हणाली. “बारा महिन्यांचं काम आहे. तिला पळू दे नाहीतर उडू दे.”

मॅडम दिसायला अगदी साध्या होत्या. बुटक्या, गोलसर, केस बारीक कापलेले, पायात मळके बूट. एखाद्या दवाखान्यातल्या नर्ससारख्या वाटायच्या. पण हात धरला की कळायचं. त्यांच्यासोबत सराव करायला शेडचा ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या अंगावर छातीपासून पोटऱ्यांपर्यंत जाड गाद्या आणि डोक्यावर जाळीचं हेल्मेट. तो बायकांवर धावून यायचा आणि बायकांनी त्याला झोडपायचं. पहिल्या दिवशी सगळ्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी मुकादमिणीने त्याच्या पोटात असा गुडघा घातला की तो “आई गं” म्हणाला, आणि मग सगळ्यांना चेव चढला. दुपारच्या जेवणाचे डबे अर्धेच संपायचे. केव्हा एकदा सुरू होतं असं व्हायचं.

थोरलीचं मात्र हसं झालं. पहिल्या दिवशी ड्रायव्हर समोर आला, तशी ती सवयीने खाली वाकली, मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. तोवर ड्रायव्हरने तिची वेणी पकडली होती.

“हे काय करत होतीस?” मॅडमनी विचारलं.

“नमस्कार,” थोरली म्हणाली. “आधी करायचा असतो.”

“त्यालाही माहिती होतं का ते?”

बायका हसून लोटपोट झाल्या. थोरलीचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती मागे सरकली. काठीला अंतर लागतं, काठीभर जागा मिळाली तर फटका सुटतो, हे तिच्या हाडात मुरलेलं. मॅडम म्हणाल्या, “मागे नाही. पुढे ये. त्याने धरलंय ना? मग तो लांब नाहीच. जितकी आत येशील तितकं त्याला काही करता येणार नाही.” आणि त्यांनी दाखवलं. कितीही घट्ट मुठीला एक दार असतं. अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे. तिकडून मनगट फिरवून काढायचं, एक पाऊल आत, कोपर छातीत, आणि सुटलं की धूम. सगळ्यांनी मिळून घशाच्या मुळापासून ओरडायचं, “सोड!”

इथेच घोडं अडलं. तीस बायका शेडचे पत्रे हलतील एवढ्याने ‘सोड’ म्हणायच्या आणि थोरली नुसते ओठ हलवायची. तो शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडेना. अठरा वर्षं तो तिने ऐकला होता, एकदाही उच्चारला नव्हता. तो वस्तादाचा शब्द. शिष्याने म्हणणं म्हणजे बापाच्या खुर्चीत जाऊन बसणं. मॅडमना वाटलं पोरगी लाजते. त्या तिचं मनगट धरायच्या, “बोल!” म्हणायच्या, आणि कालव्यावरचा तो क्षण परत यायचा. पाय जमिनीत रुतायचे, हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबायचा. सुटकेची रीत तिला तोंडपाठ होती. रात्रंदिवस स्वतःचंच मनगट धरून तिने ती घोटवली होती. पण दुसऱ्याचा हात पडला की सगळं पुसलं जायचं.

“तुला येतंय सगळं,” मॅडम एकदा हळू आवाजात म्हणाल्या. “कुणी हात लावला की मात्र तू निघून जातेस. कुठे जातेस गं?”

थोरली मनगट चोळत रांगेत मागे गेली.

नवव्या दिवशी ती गंमत झाली, जिची आठवण काढून शेडमधल्या बायका पुढे कितीतरी दिवस पोट धरून हसल्या. थोरली कोपरा झाडून काढत होती. रोज वर्गाआधी फुटक्या संत्र्यांचा चिखल झाडावा लागे, त्या दिवशी उशीर झाला होता. हातात लांब दांड्याचा झाडू. तिच्या शेजारीच मॅडमनी बुटकीला उभं केलं, ड्रायव्हरने बुटकीचा हात धरला, आणि मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांनी, एकदम!”

तीस बायका एका दमात गरजल्या, “सोड!”

थोरलीची पाठ त्यांच्याकडे होती. तिने काही पाहिलं नाही, काही ठरवलं नाही. झाडू तिच्या हातात फिरला, दांडा सूं करत खालून आला आणि ड्रायव्हरच्या नडगीवर, दोन गाद्यांच्या बरोबर मधल्या चार बोटांच्या उघड्या जागेत, फाडकन बसला.

ड्रायव्हर बुटकीला सोडून एका पायावर नाचत क्रेटच्या रांगेपर्यंत गेला, आणि रांगेसकट खाली बसला. संत्री चहूकडे पळाली. थोरली झाडू छातीशी धरून, डोळे विस्फारून उभी. “मी... मी मुद्दाम नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सगळ्यांनी सोड म्हटलंत ना!”

“आम्ही त्याला म्हटलं!” मुकादमीण ओरडली. “तुला कोणी म्हटलं?”

मग थोरलीने बापाच्या अंगणातला ‘सोड’ काय असतो ते सांगितलं, आणि सगळा शेड हसून फुटला. कुणाच्या डोळ्यांतून पाणी, कुणाला ठसका, बुटकी तर जमिनीवर बसून हात आपटत होती. एकट्या मॅडम हसत नव्हत्या. त्या थोरलीकडे अशा बघत होत्या जसं हरवलेलं काहीतरी घरातच सापडावं.

“म्हणजे तो शब्द कानावर पडला की तू वीज आहेस,” त्या म्हणाल्या. “आता फक्त कालव्यावर तो म्हणायला वडील नसतील. समजलं?”

समजलं होतं. त्याचंच तर भय होतं.

पण तिच्यापुढे दुसरंच संकट वाढून ठेवलं होतं. ड्रायव्हरची नडगी वांग्यासारखी सुजली. उद्याच्या परीक्षेत धावून येणार कोण? मुकादमिणीने गड्यांना विचारलं तर सगळे गडी एकाएकी भलतेच कामसू झाले. जो तो क्रेट मोजू लागला. मालक वैतागून म्हणाला, “मॅडमची उद्या संध्याकाळची गाडी आहे. परीक्षा झाली तर ठीक, नाहीतर मी एजन्सीचा एखादा माणूस आणून गेटवर बसवतो.” आपल्याच हाताने आपण आपल्या नोकरीची नडगी फोडली, असं थोरलीला घरी जाताना सारखं वाटत राहिलं.

वस्ताद अंगणात शिडी आवळत बसला होता. बातमी तिच्या आधी पोचली होती. “कुठला पाय?” तो उतावीळपणे म्हणाला. “डावा की उजवा?”

“डावा.”

“झाडूने? पाठमोरी? अगं, ऐकतेस का!” त्याने बायकोला हाक मारली. “दोन गाद्यांच्या मधे! न बघता! याला म्हणतात हात. त्या बाईला म्हणावं दहा वर्षं पळत राहिलीस तरी असला फटका—”

“बाबा, मी कालव्यावर उभीच राहिले होते.”

वस्तादाचं तोंड उघडंच राहिलं. थोरली त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि बांबूच्या सालीशी चाळा करत सगळं सांगून टाकलं. मोटरसायकल, मनगट, ते हसणं, वाऱ्याने न उडालेली छत्री.

“काठी नव्हती म्हणून,” वस्ताद म्हणाला.

“छत्री होती. धरला तोच हात होता.”

“मग अंतर? किती अंतर होतं?”

“अंतर नव्हतंच, बाबा.”

वस्तादाने कोयता उचलला, बांबूवर टेकवला आणि तसाच धरून बसला. त्याच्या अंगठ्यावर चिरांच्या जुन्या पांढऱ्या रेघा होत्या. “म्हणजे तो काठीच्या आत आला,” तो म्हणाला. “आत काय करायचं ते मी तुला...”

“नाही शिकवलं.”

“नाही शिकवलं,” तो म्हणाला.

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो उठला, चपला घातल्या आणि कालव्याच्या दिशेने चालू लागला. दिवस मावळेपर्यंत तो काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता, असं पाणी भरायला गेलेल्या आईने येऊन सांगितलं.

दहाव्या दिवशी दुपारी सगळ्या बायका हात बांधून बसल्या होत्या. मॅडमनी गाद्यांचा ढीग समोर ठेवला होता आणि तो उचलायला कुणी पुढे येत नव्हतं. मालकाने दोनदा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात गेटमधून एक शिडी आत आली. शिडीखाली वस्ताद होता.

“शिडी कुणी मागवली?” मुकादमिणीने विचारलं.

“कुणी नाही,” वस्ताद म्हणाला. शिडी भिंतीला टेकवून त्याने खांदा चोळला आणि थेट मॅडमपुढे जाऊन उभा राहिला. “धावून यायला माणूस पाहिजे म्हणे.”

“वय काय तुमचं?” मॅडमनी विचारलं.

“काठीएवढं सरळ उभं राहता येतं, तेवढं.”

“मनगट धरावं लागेल. वेणी धरावी लागेल. आणि बोलायचं नाही, हुकूम द्यायचा नाही. स्वतःच्या मुलीशी हात राखून वागलात तर तिलाच नापास करेन.”

“बांधा गाद्या,” वस्ताद म्हणाला.

ड्रायव्हर लंगडत आला आणि मोठ्या प्रेमाने त्याच्या पायांत गाद्या आवळू लागला. “नडगीची नीट बघा,” तो कळकळीने म्हणाला. शेडमध्ये खसखस पिकली. थोरली मात्र भिंतीला टेकून उभी होती. वस्तादावर हात उचलायचा नसतो. हा पहिला नियम, काठी धरण्याच्याही आधीचा.

परीक्षा सोपी होती. खांद्याला पिशवी लावून क्रेटच्या दोन रांगांमधून चालत यायचं. माणूस कुठूनही येईल. सुटायचं, पळायचं, आणि गेटवर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोका मारायचा. मॅडम मोजणार. दहाच्या आत ठोका पडला तर पास, सगळ्यांत कमी आकड्यावर पडला तर नोकरी.

वस्ताद कुणाशीच हात राखून वागला नाही. बुटकीने त्याचा दंड चावायचा प्रयत्न केला, गादीच चावली, आणि अकरावर पोचली. मुकादमीण बारावर. एका उंच बाईने नऊ केले, तेव्हा शेड टाळ्यांनी दुमदुमला. एकेकीबरोबर वस्तादाला जोर चढत होता. हेल्मेटच्या आतून त्याचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. मग सगळ्यांत शेवटी मॅडमनी थोरलीला खूण केली.

ती चालू लागली. पायाखाली सालींचा चिकट वास, डोक्यावर तापलेला पत्रा. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. मग मागून एक हात आला आणि तिचं मनगट त्याच्या मुठीत गेलं.

बारा वर्षांनी बापाने तिला हात लावला होता. तो हात तिला हजार हातांतून ओळखता आला असता. खरखरीत, बांबू सोलून लाकूड झालेला, अंगठ्यावर रेघा असलेला. आणि त्याने खरंच धरलं होतं. हाडं कळवळतील असं धरलं होतं.

“एक!” मॅडम म्हणाल्या.

पाय रुतले. कालवा परत आला, मोटरसायकल परत आली.

“दोन!”

“अगं हल!” बुटकी किंचाळली.

थोरलीने मान वळवली. जाळीच्या आत बापाचे डोळे होते. घामाने भरलेले, आणि तिच्यावर खिळलेले. त्याच्या ओठांवर तो शब्द आलेला तिला स्पष्ट दिसला. त्याने म्हटलं असतं तर तिचं अंग सुटलं असतं, झाडू सुटला तसं. पण त्याने ओठ दाताखाली दाबले. तो म्हणणार नव्हता. तो वाट पाहात होता.

“तीन!”

आणि एकदम तिच्या ध्यानात आलं की काल दिवस मावळेपर्यंत कालव्यावर फेऱ्या मारून हा माणूस काय ठरवून आला होता. तो काठी टाकून आत आला होता. शब्दही बाहेर ठेवून आला होता. तो शब्द आता मोकळा होता, जो उचलील त्याचा.

“सोड!”

आवाज तिचा होता, यावर तिचाच क्षणभर विश्वास बसला नाही. तो पोटातून निघाला, पत्र्यावर आपटला आणि परत आला. मनगट अंगठ्याच्या फटीतून माशासारखं निसटलं, डावा पाय बापाच्या दोन पायांमध्ये पडला, कंबर आत गेली आणि कोपर त्याच्या छातीच्या गादीवर असं बसलं की धप्प आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. वस्ताद दोन पावलं मागे गेला, तिसरं पाऊल त्याला सापडलं नाही, आणि तो रिकाम्या गोणपाटांच्या ढिगात उताणा पडला.

मॅडम मोजायच्या थांबल्या नव्हत्या, पण “चार” फार हळू आला.

गोणपाटांतून, हेल्मेटच्या आतून, दम लागलेला आवाज आला.

“पोचली.”

थोरलीला दुसरं काही सुचेना. ती खाली वाकली, मातीला हात लावायला, पडलेल्या बापाला हात द्यायला. अठरा वर्षं फटका लागला की समोरच्याला उठवायचं असतं, हेच ती करत आली होती.

“पाच!”

“काय करतेस?” वस्ताद आडवा पडल्या पडल्या गरजला. “पळ!”

“बाबा, लागलं का—”

“पळ गं! अगं पळ ना! मी उठलो तर परत धरीन! पळ!”

आणि थोरली पळाली. पिशवी पाठीवर आपटत होती, पायाखाली संत्री फुटत होती, तीस बायका दोन्ही बाजूंनी “पळ, पळ” ओरडत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या वर एका म्हाताऱ्याचा आवाज चढत होता, जो दहा दिवस पळण्याला हसत आला होता. सहा. सात. गेटजवळ तिने हातोडी उचलली आणि रुळाच्या तुकड्यावर हाणली. मॅडमच्या तोंडातला “आठ” त्या आवाजात बुडाला.

तिने दुसरा ठोका मारला. तिसरा मारला. बाहेर रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

“बास कर गं बाई, तूच पहिली!” मुकादमीण कानांवर हात ठेवून ओरडत होती. “बारा महिने वाजवायचंच आहे!”

थोरलीला थांबता येत नव्हतं. ती हसत होती, रडत होती आणि वाजवत होती. तिकडे ड्रायव्हर वस्तादाला गोणपाटांतून ओढून काढत होता. हेल्मेट तिरकं झालेलं, केसांत सुतळी अडकलेली, एका हाताने छाती चोळत वस्ताद त्याला ऐकवत होता, “उभ्या आयुष्यात एकदाच पोचली, ऐकलंस का? एकदाच. आणि कोणाची, ते विचार.”